स्लॉट जुळला, पत्रिका नाही!

शनिवारची संध्याकाळ. खारघरला मामाच्या घरी हॉलमध्ये जुनी चादर अंथरलेली. तिच्यावर एक भलामोठा काळा कॅबिनेट आडवा पाडलेला, त्याचं झाकण सोफ्यावर, आणि मधोमध मांडी घालून बसलेले अस्मादिक. थाट असा, की जणू बायपास चाललीय! मामेबहीण मोबाइलचा टॉर्च धरून उभी. मामी चहा घेऊन आली तेव्हा मी मेमरीची चौथी पट्टी 'खट्ट' आवाज करत बसवली आणि म्हटलं, "घे. सोळा जीबीचे चौसष्ट केले. आता उडव!"

बटण दाबलं. पंखे घुमले. आणि मग... बीप. बीप. बीप. बीप. बीप. समोरचा दिवा लाल. जरा थांबून परत पाच बीप. स्क्रीन काळाकुट्ट.

"पाच झाल्या," मामी म्हणाली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सवयीने ती मोजत होती. "बंद करू का?"

मंडळी, हसू नका. एकतर मी महापेला एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. लॅपटॉप, प्रिंटर आणि पासवर्ड विसरलेली माणसं हे माझं कार्यक्षेत्र. त्यामुळे घराण्यात 'कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा' अशी आपली इमेज आहे. ती त्या पाच बीपमध्ये धुळीला मिळाली. पण इमेजचं सोडा. खरा प्रश्न वेगळाच होता.

माझी ही बहीण दिवसा बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते. रात्री आणि वीकेण्डला स्वतःची कामं : इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यूज आणि वॉकथ्रू. म्हणजे फ्लॅट तयार व्हायच्या आधीच त्यातून फिरवून आणणारी फिल्म. त्यासाठी तिने दोन वर्षांपूर्वी सेकंडहॅण्ड एचपी झेड ४२० घेतला. २०१२ साली बाजारात आलेलं हे वर्कस्टेशन. सहा कोअरचा झिऑन प्रोसेसर, वजन असं की दोघांनी उचलावं, आणि किंमत नव्या बऱ्यापैकी लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी. तेव्हा तिला उलव्यातल्या एका फ्लॅटचं काम मिळालं होतं. कुणाच्या ओळखीशिवाय, स्वतःच्या नावावर आलेलं पहिलं काम. सोमवारी वॉकथ्रू द्यायचा होता. तो पसंत पडला की अॅडव्हान्स, अॅडव्हान्स मिळाला की नेरुळला छोट्या केबिनचं डिपॉझिट, आणि मग नोकरीचा राजीनामा. असं सगळं एकाला एक लागून होतं. आणि फ्लॅट जरा भरला, म्हणजे सोफे, पडदे, झाडं, झुंबरं आली, की मशीन लटकत होतं.

मी काय केलं? "रॅम वाढव, सोप्पं आहे," म्हणून मोबाइलवरून ऑर्डर टाकली. १६ जीबीच्या चार पट्ट्या, इतक्या स्वस्त की मलाच आश्चर्य वाटलं. वाटायलाच हवं होतं!

ओटा लहान, पसारा मोठा

आधी थोडा बेसिक फंडा. कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे रॅम, हा स्वयंपाकाचा ओटा समजा आणि हार्ड डिस्क हे भिंतीतलं कपाट. कपाट कितीही मोठं असलं तरी भाजी चिरायची ती ओट्यावरच. वन बीएचकेचा तो दोन हाताचा ओटा भरला की काय होतं? एक डबा आत ठेवा, दुसरा काढा, परत तो ठेवा, हा काढा. स्वयंपाक राहतो बाजूला. कॉम्प्युटरही अगदी हेच करतो. रॅम भरली की तो सामान डिस्कवर टाकत-उचलत बसतो, आणि आपण म्हणतो, "हॅंग झाला."

पण दर वेळी ओटाच लहान असतो असं नाही. कधी गॅसच मंद असतो. म्हणून खिशात हात घालायच्या आधी एक फुकटचं काम करायचं. जे काम करताना मशीन लटकतं तेच काम सुरू करा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी बघा. रेंडर चालू असताना ती साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल तर नवी रॅम घालून काडीचा फरक पडणार नाही. तेव्हा दोष प्रोसेसरचा असेल, ग्राफिक्स कार्डाचा असेल, किंवा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी बसवलीत तर मशीन जास्त पळेल. पण मेमरी पंच्याण्णवच्या पुढे, डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र आरामात बसलेला, असं चित्र दिसलं तर केस क्लिअर : ओटा भरलाय.

हे मी ऑर्डर टाकायच्या आधी करायला हवं होतं. केलं पाच बीप ऐकल्यावर! जुन्या पट्ट्या परत लावल्या, मशीन मुकाट सुरू झालं, तिने तो फ्लॅट उघडला. सोळापैकी साडेपंधरा जीबी खर्च आणि डिस्कचा आलेख छताला टेकलेला. म्हणजे निदान बरोबर होतं. औषध चुकलं होतं.

त्याच पानावर आणखी दोन कामाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. मेमरीचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत. तिच्याकडे आठपैकी चार भरलेले होते, प्रत्येकात ४ जीबी. हे दोन आकडे लिहून ठेवा. पुढे लागतील.

'कुठली' हे 'किती'च्या आधी

आपण सगळे रॅम घ्यायला जातो ते 'किती' हा प्रश्न घेऊन. आठ की सोळा की बत्तीस? जुन्या वर्कस्टेशनला पहिला प्रश्न 'कुठली' हा असतो.

सगळ्यात आधी पिढी. डीडीआर३चं मानक आलं २००७ साली, डीडीआर४चं २०१२ मध्ये आणि डीडीआर५चं २०२० मध्ये. यांची आपसात अदलाबदल होत नाही. बरं, इथे चूक करणं कठीण आहे, कारण पट्टीला खालच्या बाजूला जी खाच असते ती प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसणारच नाही. (जोर लावू नका. आपल्याकडे जोर लावायची फार हौस!)

गंमत पुढे आहे. एकाच पिढीत, त्याच मापाच्या, त्याच खाचेच्या, डीडीआर३ असेल तर २४० पिनांच्या पट्ट्या तीन जातींच्या मिळतात. साध्या, ईसीसी आणि रजिस्टर्ड ईसीसी. तिन्ही स्लॉटमध्ये 'खट्ट' करून बसतात. स्लॉट जुळतो, पत्रिका जुळत नाही!

साधी पट्टी म्हणजे घरातल्या नेहमीच्या पीसीत असते ती. ईसीसी म्हणजे चूक सुधारणारी. आता मेमरी चुकते कशी? आज आपण वापरतो त्या मेमरीची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट मिळालं १९६८ मध्ये. एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा ठेवणारा एक कपॅसिटर. हा साठा सतत गळत असतो, म्हणून तो सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. इतक्या नाजूक गोष्टीत एखाद्या शून्याचा एक होणं अशक्य नाही. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या एका भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली, म्हणून हे पकडलं गेलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोबर एका बिटची उलथापालथ! अवकाशातून येणाऱ्या किरणांवर संशय घेतला गेला. आणि हे अगदीच लाखात एक प्रकरण नाही बरं का. २००९ मध्ये गुगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गुगलच्या सर्व्हर्सचा अभ्यास केला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या.

ईसीसी पट्टीत दर ६४ बिटमागे ८ जादा बिट असतात. त्यांच्या हिशेबाने एका बिटची चूक जागच्या जागी दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान लक्षात येते. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्या माणसाला याचा अर्थ नीट कळतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पट्टीवरचे काळे चौकोन मोजा. साध्या पट्टीवर एका बाजूला साधारणपणे आठ असतात, ईसीसीवर नऊ.

आणि तिसरी जात, रजिस्टर्ड. हिच्यात मधोमध आणखी एक छोटी चिप बसवलेली असते. प्रोसेसरकडून येणारे निर्देश आधी ती घेते आणि मग बाकीच्या चिप्सना वाटते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा सगळी पार्सलं स्वतः घेऊन मग घरोघरी पोचवतो, तसं. त्यामुळे एका मदरबोर्डवर खूप जास्त मेमरी लावता येते. म्हणून ही सर्व्हरमध्ये वापरतात. पण मदरबोर्डला ही व्यवस्था मान्य असावी लागते. नसेल तर? पाच बीप.

झेड ४२०ला ती मान्य नाही. त्याला ईसीसी हवी, पण रजिस्टर नको, आणि एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त ८ जीबी. आठ स्लॉट, ६४ जीबी, संपला विषय. मी आणलेल्या १६ जीबीच्या रजिस्टर्ड पट्ट्या दोन्ही परीक्षांत नापास! आणि आता खरी मजा ऐका. याच घराण्यातल्या पुढच्या झेड ४४०ला कंपनीच्या कागदपत्रांप्रमाणे रजिस्टर्डच लागते. म्हणजे थोरल्याला जी वर्ज्य तीच धाकट्याला पथ्याची. म्हणून 'वर्कस्टेशनला ईसीसी चालते' हे अर्धवट ज्ञान उपयोगाचं नाही. तुमच्या मॉडेलचं नाव घालून कंपनीचं मॅन्युअल शोधा आणि त्यातलं मेमरीचं पान वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता तुम्ही विचाराल, मग त्या पट्ट्या स्वस्त का होत्या? तेच तर! मोठमोठ्या कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा त्यातली मेमरी ढिगाने बाजारात येते. माल भरपूर, पण तो चालणारी मशीन्स थोडी. म्हणून स्वस्त. विकणाऱ्याने बारीक अक्षरात 'सर्व्हर मेमरी' असं लिहिलेलंही होतं. माझं लक्ष होतं फक्त जीबी आणि रुपयांकडे.

हार्बर, सेंट्रल, वेस्टर्न

शनिवारी रात्री बहिणीने एक शब्द टाकून बोलली नाही. ते जास्त लागलं. तिने जुन्या सोळा जीबीवर एकेका खोलीची वेगळी फाइल केली आणि रविवारभर नुसते स्टिल व्ह्यूज काढले. सोमवारी सकाळी क्लायंटला स्वतः फोन केला. "वॉकथ्रू बुधवारी देते, आज फोटो पाठवते. मशीनचा प्रॉब्लेम झालाय." थापा मारल्या नाहीत, वीज गेली म्हणाली नाही. पलीकडून "बुधवार नक्की ना?" एवढंच विचारलं गेलं. त्या 'नक्की'चं ओझं आता माझ्यावर होतं.

रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून सोमवारी हाफ डे टाकला. आपल्या नवी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हणजे एक यात्राच. हार्बरने कुर्ला, तिथून सेंट्रलने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नने ग्रँट रोड. तिन्ही लाइनींचं दर्शन! या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते गेले, नाव बदललं, पण पार्ट घ्यायला निघालेला माणूस आजही 'लॅमिंग्टनला जाऊन येतो' असंच म्हणतो. वाशीला काही मिळत नाही का? मिळतं, आणि नव्या मशीनचं सगळं मिळतं. पण दहा-बारा वर्षं जुन्या मशीनची विशिष्ट पट्टी हवी असेल, तर जिथे जुना माल उघडून बघता येतो आणि विकणाऱ्याला विचारता येतं, तिथे गेलेलं बरं.

जिन्याखालच्या एका छोट्याशा गाळ्यात पांढऱ्या केसांचे एक काका बसलेले. मी तोंड उघडलं, "काका, बत्तीस जीबी डीडीआर३..."

"मॉडेल?"

"बत्तीस जीबी पाहिजे, आठ-आठच्या चार..."

"जीबी नंतर. मॉडेल सांगा आधी."

मी मॉडेल सांगितलं आणि बॅगेतून मशीनमधली एक जुनी पट्टी काढून दिली. एवढी अक्कल आली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल वाचलं. मग मी जरा लाजतच ती स्वस्तातली पट्टीही काढली. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून दाखवलं.

एकीवर लिहिलेलं पीसी३-१२८००, आणि शेवटी इंग्रजी 'ई'. दुसरीवर तेच पीसी३-१२८००, आणि शेवटी 'आर'. बस्स! एका अक्षराचा फरक. 'ई' म्हणजे नुसती ईसीसी, 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, आणि साध्या पट्टीवर 'यू' असतो किंवा काहीच नसतं. १२८०० हा आकडा वेगाचा. १६०० चा स्पीड गुणिले एका वेळी जाणारे ८ बाइट.

"पण काका, या ई वाल्या पट्टीवरही '२ आर' लिहिलंय की!"

"तो आर वेगळा. तो रँकचा. पट्टीवरच्या चिपांचे किती गट आहेत ते. सगळे त्यालाच फसतात." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही एकटे नाही." यापेक्षा मोठा दिलासा मला त्या आठवड्यात मिळाला नाही.

त्यांच्याकडे ८ जीबीच्या 'ई' वाल्या चार पट्ट्या निघाल्या, एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या. माझ्या स्वस्तातल्या पट्ट्यांपेक्षा जीबीमागे महाग. मी घासाघीस करून पाहिली. काका म्हणाले, "साहेब, आता मेमरीचे भाव विचारू नका. नवीन बाजारात आग लागलीय, तिची धग जुन्यालाही पोचते."

ती आग खरीच होती. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत जगभर मेमरीचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटर्सना लागणारी खास मेमरी बनवण्यात मोठ्या कंपन्यांनी आपली ताकद वळवली, आणि तुमच्या-आमच्या पीसीला लागणाऱ्या मेमरीची चणचण सुरू झाली. ही चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम म्हणजे काय, पुढच्या महिन्यात स्वस्त होईल, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. तो भरवसा त्या हिवाळ्यात संपला. म्हणूनच चुकीची पट्टी घेणं आता जास्त महाग पडतं.

काकांकडून एक गोष्ट लिहून घेतली : सात दिवसांत टेस्टमध्ये फेल गेली तर बदलून मिळेल. जुन्या मालाला तेवढं तरी घ्यावंच.

चार की आठ?

आता 'किती'. अनेक वर्कस्टेशनमध्ये प्रोसेसर मेमरीशी एकाच रस्त्याने बोलत नाही. झेड ४२०च्या झिऑनला असे चार रस्ते आहेत, म्हणजे चार चॅनेल. सायन-पनवेल हायवेच्या चार लेन समजा. एकच मोठी पट्टी लावलीत तर एका लेनमध्ये ट्रॅफिक जॅम आणि तीन रिकाम्या. चार सारख्या पट्ट्या चार चॅनेलमध्ये लावल्यात तर सगळ्या लेन चालू. म्हणून इथे एक मोठी घेण्यापेक्षा चार मध्यम बऱ्या.

दुसरा प्रश्न, जुन्या काढायच्या की ठेवायच्या? त्याही ईसीसी, त्याही 'ई' वाल्या, त्याच स्पीडच्या असतील तर ठेवा. आम्ही चार जुन्या ४ जीबीच्या ठेवल्या आणि उरलेल्या चार स्लॉटमध्ये ८ जीबीच्या बसवल्या. प्रत्येक चॅनेलला सारखे १२, एकूण ४८ जीबी. चौसष्ट का नाही केले? कारण तिचा तो फ्लॅट टास्क मॅनेजरमध्ये बत्तीसच्या आसपास मागत होता. पुढचे सोळा जीबी फक्त माझ्या हौसेचे झाले असते. कुठली पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये, याचा नकाशा कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. शनिवारी तेच झाकण सोफ्यावर उलटं पडलं होतं. कुणी बघितलं?

प्लग काढला, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. मामी दारात उभी, मोजायला तयार. एकच छोटा आवाज, आणि स्क्रीन उजळला.

लगेच कामाला नाही लावलं बरं का! पेनड्राइव्हवर मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्राम घेतला आणि रात्रभर चालू ठेवला. जुनी मेमरी म्हणजे जुना स्कूटर. किक मारल्यावर चालू झाला याचा अर्थ घाटात दम धरेल असा नाही. मंगळवारी सकाळी एकही चूक नव्हती. मंगळवारी रात्री तिने वॉकथ्रू रेंडरला लावला. बुधवारी सकाळी साडेनऊला, बेलापूरच्या बसमधून, तिने लिंक पाठवली.

पण एवढा खर्च करावा का?

हा प्रश्न मीच तिला विचारला, जरा उशिराच. कारण मेमरीने सगळं सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या जुन्या झिऑनचं नाव विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेट्ससाठी एक वर्षाची जादा मुदत मिळाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर लिनक्सवर मजेत चालतं, पण ऑटोकॅड किंवा थ्रीडीएस मॅक्सवर पोट असेल तर तो मार्ग नाही. म्हणजे हे मशीन कायमचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तिचं उत्तर साधं होतं. "दादा, मला हे दहा वर्षं नाही चालवायचं. मला पुढची चार कामं पूर्ण करायचीत. त्या चार कामांतून नवीन मशीन येईल. नवीन मशीनच्या लोनमधून नाही."

मला वाटतं, जुन्या मशीनवर खर्च करताना हाच हिशेब बरोबर. मशीनची किंमत किती, नव्या मशीनच्या तुलनेत किती टक्के, हे सगळं ठीक. पण या पैशात मला नेमकी किती कामं पूर्ण करता येतील? उत्तर एक-दोन कामांत पैसे वसूल असं असेल तर बिनधास्त घाला. 'बघू, जरा फास्ट होईल' असं असेल तर तेच पैसे बाजूला टाका. आणि बॅकअप मात्र बाहेरच्या डिस्कवर ठेवाच.

खरेदीआधीची उजळणी

१. काम चालू असताना टास्क मॅनेजर बघा. मेमरी खरंच भरतेय का?
२. मशीनचं पूर्ण मॉडेल लिहा आणि मॅन्युअलमधून जात, कमाल जीबी आणि एका स्लॉटची मर्यादा काढा.
३. जुनी पट्टी सोबत न्या. लेबलवरचं शेवटचं अक्षर जुळवा. 'रँक'च्या आरला फसू नका.
४. चॅनेल किती तेवढ्या सारख्या पट्ट्या घ्या.
५. बदलून देण्याची मुदत लिहून घ्या आणि पहिल्याच रात्री टेस्ट लावा.

माझ्या त्या चार स्वस्त पट्ट्या? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत. वरचेवर दिसतात, ते बरंच आहे.

परवा मामीने कुकरची रिंग आणायला सांगितली. मी निघालो, तर स्वयंपाकघरातून मामी आणि हॉलमधून बहीण, दोघी एकाच सुरात :

"मॉडेल बघून घेतलंस का?"

मी गुपचूप मागे फिरलो आणि कुकर उलटा करून बघितला.